काटा पडतो तो ब्रेक दाबल्यावर

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीमागच्या एका गॅरेजमध्ये गेल्या उन्हाळ्यात मी क्रँकच्या, म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेरिंगचा एक अर्धा भाग हातात घेतला होता. तो पन्हळीसारखा अर्धगोल आणि दोन बोटांत मावेल एवढा होता. वरचा राखाडी मुलामा खरवडून जाऊन खालचे तांबे उघडे पडले होते. गाडी पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या सरळ शर्यतीत पळवलेली होती. (ही शर्यत बंद धावपट्टीवरची, रात्री बायपासवर जे चालते त्याला मी शर्यत म्हणत नाही.) तरुण मालकाचा सगळा राग इंजिन ऑइलवर होता, एवढे महागाचे सिंथेटिक ऑइल घालूनही बेरिंग गेलेच कसे, असा त्याचा सवाल होता. गॅरेजच्या उस्तादांनी त्याच्याच मोबाइलवरचे चित्रण लावले. ऑइल प्रेशरचा काटा सबंध धावेत जागेवर होता. अंतिम रेषा ओलांडून ब्रेक दाबल्यावर मात्र तो शून्याकडे घसरला आणि क्षणभराने पुन्हा वर चढला.

"ऑइल चांगलंच होतं, भाऊ," उस्ताद म्हणाले, "पण जाळीपाशी कुठं होतं?" (जाळी म्हणजे ऑइल पंप जिच्यातून तळाचे ऑइल ओढतो ती.)

ऑइल पंपाचा दाब क्रँकला उचलून धरतो, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि त्यातूनच घट्ट ऑइल घालावे, दाब वाढवावा, असे सल्ले दिले जातात. प्रत्यक्षात क्रँकला उचलून धरणारा दाब पंपातून येत नाही. तो क्रँक स्वतःच्या फिरण्यातून निर्माण करतो. हे ज्या प्रयोगातून उमगले तो मला फार आवडतो. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांना लागणाऱ्या बेरिंगांवर प्रयोग करत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वरून पितळी बेरिंग भाराने दाबलेले, अशी मांडणी होती. बेरिंगच्या माथ्यावर, वरून तेल सोडण्यासाठी, त्यांनी एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच ठोकले, ते निघाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. शेवटी तेथे दाबमापक बसवला, तर 200 पौंडांपर्यंतच्या मापकाचा काटा मापाबाहेर गेला, आणि बेरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला जेमतेम 100 पौंड होता. हे 1883 सालचे. पुढे 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचे गणित मांडले.

त्या गणिताचा गाभा असा. आस बेरिंगमध्ये नेमका मध्यभागी नसतो. भारामुळे तो एका बाजूला सरकलेला असतो, म्हणून दोघांमधली फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे चिंचोळी होते. तेल चिकट असल्यामुळे फिरणारा आस ते स्वतःबरोबर ओढत रुंद बाजूकडून चिंचोळ्या बाजूकडे नेतो. तेथे त्याला पुरेशी जागा मिळत नाही, म्हणून दाब वाढतो आणि त्या पाचरीवर आस तरंगतो. पावसात साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाणारी गाडी कधी कधी रस्ता सोडून पाण्यावर तरंगते, तेव्हाही चाकाखाली अशीच पाण्याची पाचर असते. सुमारे 50 मिलिमीटर व्यासाच्या क्रँकला एकूण फट साधारण 0.05 मिलिमीटर ठेवतात, आणि जिथे ती सर्वांत अरुंद होते तिथे तेलाचा थर काही मायक्रॉनचाच उरतो. पंपाचा दाब चार-पाच बार असतो. या पाचरीतला दाब शेकडो बारपर्यंत जातो. मात्र कडेने सतत बाहेर गळणारे तेल भरून काढण्याचे काम पंपाचे असते. तो पुरवठा तुटला की पाचर राहत नाही आणि धातू धातूला भिडतो. मिनिटाला 7000 फेरे घेणारे इंजिन अर्ध्या सेकंदात 58 फेरे घेते. मुलामा खरवडायला तेवढे पुरतात.

म्हणून शर्यतीच्या गाडीत खरा प्रश्न ऑइलच्या किमतीचा नसून पंपाची जाळी सतत बुडालेली राहील की नाही, हा असतो. विहिरीचा तळ लागला की फूट व्हॉल्व्ह उघडा पडतो आणि मोटार पाण्याऐवजी हवा ओढू लागते, हे मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमध्ये नेमके तेच घडते, फक्त तेल आटलेले नसते, एका टोकाला पळालेले असते.

किती पळते, याचा हिशोब शालेय भूमितीने करता येतो. गाडीचे त्वरण गुरुत्वत्वरणाइतके झाले, तर तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो. दुप्पट झाले तर सुमारे 63 अंशांनी. समजा, चेंबर 40 सेंटिमीटर लांब आहे, त्यात 10 सेंटिमीटर तेल आहे आणि भिंती हव्या तितक्या उंच आहेत. पहिल्या स्थितीत सगळे तेल मागच्या 28 सेंटिमीटरमध्ये गोळा होते व पुढचा तळ कोरडा पडतो. दुसऱ्या स्थितीत ते मागच्या 20 सेंटिमीटरमध्ये मावते, पण मागच्या भिंतीवर 40 सेंटिमीटर चढते. खऱ्या चेंबरवर एवढी उंची नसतेच. तेथे फिरता क्रँक असतो. तो या तेलात आपटतो, त्याचा फेस करतो, ताकदही गमावतो, आणि तोच हवामिश्रित फेस पुढे पंपात जातो. यावर उपाय म्हणून क्रँकच्या खाली तेल निथळू देणारा जाळीदार पत्रा बसवतात.

सुटताना तेल मागे जाते, म्हणून ड्रॅग गाडीत, म्हणजे अशा सरळ शर्यतीच्या गाडीत, चेंबरचा खोल भाग आणि जाळी मागच्या बाजूला ठेवतात. (क्रँक गाडीच्या रुंदीच्या दिशेने असलेल्या आडव्या इंजिनात हे मागे जाणे इंजिनाच्या दृष्टीने आडवे असते, लांबीकडे पाहून केलेली मांडणी तेथे कामाची नाही.) या रचनेत धाव निभावते. ब्रेक दाबल्यावर मात्र सगळे तेल पुढे धावते, मागची जाळी उघडी पडते, इंजिनाचे फेरे तर अजून चढेच असतात. एक्सलरेटर सोडल्यामुळे स्फोटांचा भार कमी झाला, तरी वर-खाली होणाऱ्या पिस्टनचे जडत्व त्याला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला ओढतच असते.

पाण्याच्या टँकरात आडव्या पत्र्यांचे कप्पे असतात, तसेच चेंबरातही पत्रे घालतात. फरक इतकाच की त्यांना जाळीकडे उघडणारी आणि उलट दिशेने बंद होणारी बिजागरीची दारे असतात. दुसरा उपाय दाबसाठ्याचा. एका नळकांड्यात सरकता पिस्टन असतो, एका बाजूला दाबलेली हवा आणि दुसऱ्या बाजूला ऑइल. दाब पडताच हवा ते ऑइल इंजिनात ढकलते आणि काही सेकंद निभावतात. सर्वांत खर्चिक उपाय ड्राय संपचा. त्यात चेंबरात तेल साठतच नाही. जादा पंप ते उपसून उंच, अरुंद टाकीत नेतात, हवा तेथे वेगळी होते आणि टाकीच्या बुडातून दाबाचा पंप तेल घेतो.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर फिरत्या कड्यावर लोखंडी रोलर दाबून, "आमचे चार थेंब टाका, इंजिनला काही होणार नाही," असे दाखवणाऱ्यांबद्दल एक वाक्य लिहिणे भाग आहे. त्या यंत्रात धातू धातूला एका रेघेवर घासतो, क्रँकच्या बेरिंगात तर तो घासूच नये अशी सारी व्यवस्था असते. उघड्या पडलेल्या जाळीला ते थेंब आणि बंपरला बांधलेले लिंबू-मिरची सारखेच उपयोगी.

उस्तादांनी चेंबर उतरवून जाळीच्या पुढे दोन पत्रे वेल्ड केले आणि त्यात एक दार बसवले. दार अडकत नाही ना, हे बोटाने तीन-चारदा ढकलून पाहिले. मालकाने विचारले, अर्धा लिटर ऑइल जास्त घातले तर चालले नसते का? उस्तादांनी डिपस्टिक पुसली, वरच्या खुणेवर नख टेकवले आणि क्रँकचा फिरता भाग तिथून किती वर असतो ते दोन बोटे ठेवून दाखवले.