टमी टकनंतर घरी आलेली नळी : ड्रेन कसा सांभाळाल?

पट्टा, गॉज, टेप घ्यायला लोक इंदूरच्या दवा बाजारातल्या आमच्या सर्जिकलच्या काउंटरवर स्वतःहून येतात. ड्रेनबद्दलचा, म्हणजे आतलं पाणी बाहेर ओढायला लावलेल्या नळी-डब्याबद्दलचा फोन मात्र टमी टकच्या (पोटाची जास्तीची कातडी काढायच्या) ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आम्ही दुकान वाढवत असताना येतो : "काका, डब्यात काहीच येत नाहीये, नळी काढून टाकू का?" काढू नका. आधी क्लॅम्प, म्हणजे नळी दाबून बंद करणारा चिमटा, पाहा. सकाळी डबा रिकामा करताना लावलेला क्लॅम्प उघडायचा राहिला, असंच बहुतेक वेळा निघतं. असे फोन वारंवार आले, म्हणून हे पत्रक छापलं.

नळी घालतात कशासाठी

टमी टकमध्ये पोटाची त्वचा आणि चरबीचा थर खालच्या स्नायूंपासून सुटा करून बरगड्यांच्या दिशेने वर उचलतात. सैल झालेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, जास्तीची कातडी कापतात आणि उरलेली खाली ओढून शिवतात. सुटा केलेला थर स्नायूंना पुन्हा चिकटायला वेळ लागतो. तोवर मधल्या जागेत रक्तमिश्रित पाणी पाझरत राहतं. ते आतच साचलं तर त्याला सेरोमा म्हणतात, आणि मग डॉक्टरांना ते सुईने उपसावं लागतं, कधी कधी पुन्हा पुन्हा. ड्रेन हे पाणी बाहेर ओढतो. त्यामुळे दोन्ही थर एकमेकांना टेकून राहतात. ड्रेन असला म्हणजे सेरोमा होणारच नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नळीच्या आतल्या टोकाला बारीक भोकं असतात. बाहेरचं टोक ओटीपोटाच्या खालच्या भागातून किंवा टाक्यांच्या कडेने काढून एका टाक्याने कातडीला बांधलेलं असतं. एक किंवा दोन नळ्या असतात. "१४ नंबरची नळी" म्हणजे केवढी, असं विचारतात लोक. नंबराला तीनने भागा, मिलिमीटरमध्ये जाडी मिळते. १४ नंबर म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी, साधारण ४.७ मिलिमीटर.

शेजारच्या वहिनींना ड्रेन नव्हता आणि तुम्हाला आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांवर शंका घेऊ नका. वरचा थर आतून जागोजागी टाके घालून स्नायूंवर बसवायची पद्धत आहे. अमेरिकेतल्या पोलॉक या शल्यचिकित्सकांनी ती २००० साली मांडली. ती वापरणारे काही सर्जन ड्रेन घालत नाहीत. कुणाला काय योग्य, हे ऑपरेशन करणाराच ठरवतो.

डबा रिकामा करताना

आपल्याकडे दोन प्रकार दिसतात. एक लिंबाएवढा किंवा थोडा मोठा मऊ बल्ब, दुसरा घड्यांचा, हार्मोनियमच्या भात्यासारखा दाबला जाणारा डबा. दोन्हींचं तत्त्व एकच : दाबून हवा काढली की तो फुगायला बघतो आणि फुगताना पाणी ओढतो. पूर्ण फुगला की ओढ संपली. म्हणून अर्धा भरला की रिकामा करायचा, आणि कमी भरला तरी सकाळ-संध्याकाळ करायचाच.

हात साबणाने धुवा. नळीवर क्लॅम्प असेल तर लावा. बूच उघडा, त्याच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. मापाच्या कपात पाणी ओता आणि कप डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचा. मग बल्ब किंवा भाता पूर्ण दाबा आणि दाबलेला असतानाच बूच घट्ट लावा. आधी बूच लावून मग दाबला तर काहीच होत नाही. ही चूक भल्या भल्या माणसांकडून होते. शेवटी क्लॅम्प उघडा. कपातलं पाणी संडासात ओतून फ्लश करा आणि हात पुन्हा धुवा.

बूच लावल्याबरोबर डबा फुगला तर कुठेतरी हवा शिरते आहे. बूच आणि नळीचा जोड तपासा. कातडीच्या बाहेर नळीची भोकं दिसत असतील तर नळी सरकली आहे. ती आत ढकलू नका, डॉक्टरांना फोन करा. नळीत गुठळी अडकली तर ती दाबत खाली सरकवायची रीत आहे, पण ती डॉक्टरांनी किंवा नर्सने एकदा समोर करून दाखवल्यावरच करा. कातडीजवळ नळी एका हाताने पक्की धरली नाही, तर टाक्यालाच हिसका बसतो.

आकडा लिहा

आमचं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच. घरचे विचारतात, "आठ दिवस झाले, आता काढायला काय हरकत?" ड्रेन दिवस मोजून काढत नाहीत. बरेच सर्जन एका नळीतून चोवीस तासांत २५ ते ३० मिलीपेक्षा कमी पाणी आलं, आणि तेही सलग दोन दिवस, की काढतात. काहींचं माप वेगळं असतं. कुणाचा चार-पाच दिवसांत निघतो, कुणाला दोन आठवडेही लागतात.

दोन नळ्या असतील तर डावी-उजवी वेगळी लिहा. समजा डावीकडे सकाळी ३५ आणि रात्री २५ आले, तर डावीचे ६०; उजवीचे त्यात मिसळायचे नाहीत. रंगही लिहा. पहिल्या दिवसांत लाल, मग गुलाबी, मग गवती पिवळा, हा नेहमीचा क्रम. "थोडंसंच आलं" असं तोंडी सांगितलं तर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

घरातल्या गोष्टी

डबा नेहमी जखमेच्या खालच्या पातळीवर ठेवा. सेफ्टी पिन डब्याच्या कडीतून घालून मॅक्सीला किंवा पट्ट्याला लावा, नळीला कधीच नाही. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर आणि नळीवर येते, म्हणून काही दिवस पुढून उघडणारी सैल मॅक्सीच बरी. झोपताना पाठीवर, डोकं उंच, गुडघ्यांखाली उशी. चालताना थोडं वाकून चाला, पण चाला. अंघोळ कधी, हे डॉक्टरांनाच विचारा. तोवर अंग पुसून घ्या. विडी-सिगारेट आणि तंबाखू बंद, त्याने जखम भरायला अडथळा येतो. आणि इंदूरच्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण पोह्यांवरची शेव थोडे दिवस बेताने. मिठाने सूज वाढते.

वापरलेलं ड्रेसिंग साध्या कचऱ्यात टाकू नका. कागदात गुंडाळून कचरागाडीच्या सॅनिटरी कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात द्या.

वाट पाहू नका

डबा ताज्या लाल रक्ताने भराभर भरू लागला, पोट एका बाजूला अचानक फुगलं, पाणी एकदम थांबून पोट टणक वाटू लागलं, पाण्याला घाण वास आला किंवा ते गढूळ झालं, लाली पसरत गेली, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, नळी निघून आली : यांपैकी काहीही झालं तर त्याच वेळी सर्जनला फोन करा. एका पोटरीत दुखून सूज आली तरी लगेच कळवा; ती रक्ताची गुठळी असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा. अशा वेळी आमच्या दुकानात फोन करून वेळ घालवू नका.

नळी घरी काढायची नाही. दवाखान्यात टाका कापून ती काही क्षणांत ओढून काढतात, थोडं खेचल्यासारखं वाटतं. भोकातून एक-दोन दिवस थोडं पाणी येऊ शकतं. नंतर पोटात पाणी हललंसं वाटलं तर दाखवून या.

डबा एकाच रुग्णासाठी असतो. धुऊन दुसऱ्याला देण्यासाठी तो परत आणू नका, आम्ही घेत नाही. मापाचा कप आणि आकडे लिहायचा तक्ता या पत्रकासोबत मोफत आहे. तक्ता संपला तर मुलांच्या वहीचं पानही चालेल.