ब्रेकअपचं गाणं वेगळं, सुटकेचं गाणं वेगळं

अमेरिकी कंट्री संगीताच्या प्लेलिस्ट चाळल्या की एक जोडी हमखास शेजारी-शेजारी दिसते: डॉली पार्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' आणि मार्टिना मॅकब्राइडचं 'अ ब्रोकन विंग'. वर शीर्षक असतं 'ब्रेकअपनंतर ऐकायची गाणी'. दोन्ही संथ आहेत, दोन्हींत बाई निघून जाते. एवढ्यावरून त्यांना एका पंगतीला बसवायचं हे चूक आहे. पहिलं निरोपाचं गाणं आहे, दुसरं मानसिक छळातून सुटण्याचं. हा फरक पुसला की दुसऱ्या गाण्यातलं जे खरं मोलाचं आहे तेच हातातून जातं.

ब्रेकअपच्या गाण्याबद्दल फार सांगायला नको. भावगीतं आणि हिंदी सिनेमाची विरहगीतं ऐकत वाढलेल्या माणसाला ते पाठ आहे. कुणीतरी गेलं, मागे राहिलेला झुरतोय, किंवा जाणाराच गहिवरून माफी मागतोय. कंट्रीमध्ये त्याला बार, ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र) आणि रात्रीचा महामार्ग जोडला जातो, इतकंच.

वाद्यांवरून आणि लयीवरून फरक ओळखायचा प्रयत्न करू नका. पेडल स्टील गिटार (कंट्रीतली सूर घसरवत वाजवायची आडवी गिटार) रडल्यासारखी वाजली म्हणजे प्रेमभंग, हा समज सोडून द्या. ती लग्नाच्या गाण्यातही तशीच वाजते. दोन्ही प्रकार बहुतेक वेळा मेजर सप्तकात असतात, दोन्हींत आधी कडवं, मग धृवपद, पुन्हा कडवं असा क्रम असतो, आणि दोन्ही साधारण तीन-चार मिनिटांत संपतात.

खरा फरक एका प्रश्नात आहे: गाणारी बाई कुणाशी बोलते आहे?

'आय विल ऑलवेज लव्ह यू' मध्ये ती थेट 'तुझ्याशी' बोलते. या गाण्यामागची हकीगत डॉली पार्टनने अनेकदा सांगितली आहे. १९६७ पासून ती कंट्री गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात गात होती. पुढे तिला स्वतःच्या वाटेने जायचं होतं आणि तो सोडायला तयार नव्हता. तिने हे गाणं लिहिलं आणि त्याच्यासमोर बसून गायलं. त्याचे डोळे भरून आले, आणि या गाण्याची रेकॉर्ड मी करणार, या अटीवर त्याने तिला मोकळं केलं. १९७४ मध्ये रेकॉर्ड आली आणि कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे ज्या गाण्याला जग प्रेमाचं गाणं समजतं आणि लग्नातही वाजवतं, ते कामातल्या जोडीदाराचा निरोप आहे. महत्त्वाचं हे की निरोप तोंडावर देता आला. समोरच्याने ऐकून घेतलं, वाईट वाटून घेतलं आणि वाट दिली. ब्रेकअपच्या गाण्याचा सगळा डोलारा यावर उभा असतो: समोरचा माणूस ऐकेल, निदान ऐकायला हवा, हा विश्वास.

आता 'अ ब्रोकन विंग' घ्या. जेम्स हाऊस, सॅम होगिन आणि फिल बार्नहार्ट या तिघांनी ते लिहिलं. १९९७ मध्ये ते आलं आणि जानेवारी १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. यात 'तू' नाही, 'ती' आणि 'तो' आहेत. ती जीव ओवाळून टाकते. तो तिचं मन मोडतो आणि मग प्रेमाने जवळ येतो. थोडं देतो आणि परत काढून घेतो. ती स्वप्नं सांगते, तो ती उडवून लावतो. यात एकही थप्पड नाही, बाटली नाही, दुसरी बाई नाही. मग एका रविवारी ती चर्चला जात नाही. तो वर खोलीत जातो तर खिडकीपाशी एक चिठ्ठी, आणि पडदे वाऱ्यावर हलताहेत. चिठ्ठीत काय लिहिलंय ते गाणं सांगत नाही, आणि माझ्या मते गीतकारांचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच आहे. ज्याने तिचं प्रत्येक वाक्य मोडून काढलं त्याच्यापुढे आणखी एक वाक्य कशाला ठेवायचं?

मानसिक छळात निरोपाचा प्रसंगच धोक्याचा असतो. 'मी जाते' असं म्हणताक्षणी तो रडतो, माफी मागतो, किंवा 'तुझ्या डोक्यात कुणी भरवलं' म्हणून सुरू होतो, आणि तासाभराने तीच त्याची समजूत काढत बसलेली असते. कौटुंबिक हिंसाचारात मदत करणारे लोक म्हणूनच सांगतात की निघण्याची वेळ सर्वांत जोखमीची असते. कागदपत्रं, पैसे, जायचं ठिकाण आधी ठरवा, घोषणा करू नका. या गाण्यातली बाई नेमकी तशीच जाते. शेवटचं भांडण नाही, दारातला संवाद नाही. गाण्यात 'तू' नसण्याचं कारण हेच आहे. जात्यावरच्या ओव्यांमध्येही सासुरवास बहुतेक वेळा नवऱ्याला ऐकवलेला नसतो. तो जात्याला, आईला, भावाला सांगितलेला असतो. ज्याने ऐकायचं तो ऐकणार नाही, हे बाईला पक्कं माहीत असतं.

शेवटच्या खिडकीवरून काही जण असा अर्थ लावतात की तिने जीव दिला. शब्दांत तसं काही नाही, पण ती जागा मोकळी सोडलेली आहे हे मान्य. मला तो अर्थ पटत नाही. त्यानंतर येणारं धृवपद वर्तमानकाळातच राहतं: पंख मोडका, तरी ती गाते आहे, तिची नजर आकाशाकडे आहे, आणि शेवटी तिचं उडणं बघण्यासारखं आहे. कंट्रीची ही जुनी कारागिरी आहे. धृवपदाचे शब्द तेच ठेवायचे आणि मधल्या कडव्याने त्यांचा अर्थ फिरवायचा. पहिल्यांदा ऐकताना ते उडणं फक्त तिच्या मनातलं वाटतं. चिठ्ठीनंतर ते घडून गेलेलं असतं.

घोळाचं मूळही इथेच आहे. लोक धृवपद ऐकतात आणि कडवी सोडतात. याच मॅकब्राइडच्या 'इंडिपेंडन्स डे'ची गत याहून वाईट झाली. ग्रेचेन पीटर्सने लिहिलेलं ते गाणं १९९४ चं. मार खाणारी आई शेवटी घर पेटवून देते, आणि ते सगळं आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून येतं. तरी धृवपदातल्या स्वातंत्र्याच्या घोषणेवरून ते देशभक्तीचं गाणं म्हणून चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लावतात. 'अ ब्रोकन विंग'ची फक्त शेवटची तान कापून तीस सेकंदांच्या रीलमध्ये वापरणारे तेच करताहेत, आणि खाली 'नारीशक्ती' लिहिणारेही.

मार्टिनाची ही दोन गाणीही एका प्रकारची नव्हेत. मारहाणीच्या गाण्यात ऐकणाऱ्याला पुरावा मिळतो: वळ, पोलीस, रक्त. डिक्सी चिक्स (आता 'द चिक्स') या बायकांच्या बँडचं 'गुडबाय अर्ल' त्याच वाटेने सूडापर्यंत जातं. मानसिक छळाच्या गाण्याला पुरावा नसतो, त्यामुळे ते लिहायला फार कठीण. तसं गाणं लिहायला बसलेल्यांची ठरलेली चूक म्हणजे तिसऱ्या कडव्यात एक थप्पड घालणं. ती घातली की ऐकणारा मनात म्हणतो, 'हां, आता निघायला हवं', आणि आधीची सगळी वर्षं त्याच्या हिशेबी माफ होतात. थप्पड नको. त्याऐवजी त्याची दोन-तीन बारीक वाक्यं घ्या, वरवर निरुपद्रवी वाटणारी, आणि त्यांच्यामध्ये त्याचा एक खरोखर प्रेमळ क्षण ठेवा. तो प्रेमळ क्षण गाळला तर 'मग ती राहिली कशाला' हा प्रश्न उरतो. ती राहिली ती त्या क्षणांच्या जोरावरच.

'मारलं तर नाही ना' हे वाक्य आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतं. भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मात्र शाब्दिक आणि भावनिक छळ, तसंच आर्थिक छळ, शारीरिक छळाइतकेच स्पष्टपणे हिंसेत धरले आहेत. गाणं ऐकताना पुरावा मागणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

'अ ब्रोकन विंग' स्टेजवर गाणार असाल तर पट्टी पहिल्या कडव्यावरून ठरवू नका. ते खालच्या सुरांत आहे आणि कुणालाही सोपं वाटतं. आधी शेवटचा लांबवलेला वरचा सूर लावून पाहा. तो ओरडल्याशिवाय धरता येत नसेल तर पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या, मग सुरुवात फार खोल जाते का ते तपासा. पहिल्या कडव्यात हरकती नकोत, बोलल्यासारखं गा. 'तो'च्या ओळी रागाने म्हणू नका, कारण त्या वेळी ती चिडलेली नाही, तिला अजून तो आवडतो. पहिलं धृवपद निम्म्या ताकदीने गा. स्पर्धांमध्ये गाणारे बहुतेक जण तिथेच सगळा आवाज खर्च करतात, आणि चिठ्ठीनंतर वाढवायला काही उरत नाही. चिठ्ठीच्या ओळीवर साथ कमी करायला सांगा, शब्द कळू द्या. ती ओळ गेली तर श्रोत्यांना पुन्हा ब्रेकअपचंच गाणं ऐकू येईल. आणि कार्यक्रमाच्या यादीत लगेच पुढे 'गुडबाय अर्ल' ठेवू नका, मध्ये निदान एक वेगळ्या विषयाचं गाणं जाऊ द्या.