घरच्या सोलरचा हिशोब

गच्चीवरच्या पॅनलनी किती युनिट बनवले, त्यातले घरात किती वापरले, महावितरणकडे किती गेले आणि शेवटी लाईटबिलात किती रुपये खरंच वाचले हे दर महिन्याला टिपून ठेवणं म्हणजे घरच्या सोलरचा हिशोब. घरी बॅटरी किंवा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) असेल तर त्यांचाही हिशोब यातच येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली (१ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ आणि त्यापुढे ७८,००० सबसिडी) आणि पुण्यात बंगले, रो हाऊस, सोसायट्या सगळीकडे पॅनल चढायला लागले. पण बसवून झाल्यावर बरेच जण इन्व्हर्टरचं (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा) ॲप उघडून आजचे युनिट बघतात, आठ रुपयांनी की दहा रुपयांनी गुणतात आणि एवढे वाचले म्हणून मोकळे होतात. तो आकडा नुसत्या जनरेशनचा असतो, बचत वेगळी काढावी लागते.

त्यासाठी तीन रीडिंग लागतात. जनरेशन मीटरवरचं (किंवा इन्व्हर्टरवरचं) एकूण उत्पादन, आणि नेट मीटरवरचे (महावितरणचं दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर) इम्पोर्ट म्हणजे ग्रिडमधून घेतलेले आणि एक्सपोर्ट म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट. नेट मीटरचा डिस्प्ले हे आकडे फिरवून फिरवून दाखवतो, त्यामुळे दोन मिनिटं उभं राहावं लागतं, फोटो काढून ठेवला की सोपं. महिन्याच्या १ तारखेला न घेता महावितरणचं रीडिंग ज्या तारखेला होतं त्याच तारखेला घ्या, नाहीतर बिलाशी कधीच जुळत नाही.

समजा ३ किलोवॉटच्या सिस्टीमनी महिन्यात ३६० युनिट बनवले, एक्सपोर्ट २१० झाला, इम्पोर्ट १९०. म्हणजे दिवसा घरात थेट वापरले गेले ३६० वजा २१०, १५० युनिट. घराचा एकूण वापर १५० अधिक १९०, म्हणजे ३४०. बिलात १९० मधून २१० वजा होऊन २० युनिट पुढच्या महिन्याला जमा. आता बचत काढायची तर सोलर नसतं तर ३४० युनिटचं बिल किती आलं असतं ते स्लॅबप्रमाणे मांडायचं, पहिले १०० एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, वरचे ४० तिसऱ्या, त्यात वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरायचं आणि त्यातून हातात आलेलं बिल वजा करायचं. ३६० ला सगळ्यात वरच्या दराने गुणलं तर बचत फुगलेली दिसते. स्थिर आकार दोन्हीकडे असतोच, बिल शून्य युनिटचं असलं तरी तो भरावा लागतो.

अजून एक गोष्ट फार लोक धरत नाहीत. सोलर आलं की घरातला वापर वाढतो, एसी दुपारीही लागतो, इंडक्शन येतं, आधी २५० युनिट लागणारं घर ३४० वर जातं. हे वाढलेले ९० युनिट सुखाचे आहेत, पण पैसे परत किती वर्षांत येणार हे काढताना ते बचतीत धरू नयेत, जुना वापर धरावा. म्हणून सोलर बसवायच्या आधीची निदान १२ महिन्यांची बिलं जपून ठेवलेली बरी.

जमा युनिटचा हिशोब एप्रिल ते मार्च असा चालतो. ३१ मार्चला उरलेले युनिट संपतात, त्यांचे पैसे मिळतात पण घरगुती दराच्या मानाने बरेच कमी. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन कडक आणि एसी अजून बंद, त्यामुळे नेमकं तेव्हा जास्त जमा होतं आणि मे महिन्यात ते हाताशी नसतं. गरजेपेक्षा मोठी सिस्टीम घेतली तर हे फार खटकतं.

चांगली सिस्टीम पुण्यात वर्षाच्या सरासरीने १ किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट देते. पण रोज नाही. मार्च-एप्रिलात ५ च्या आसपास, जुलै-ऑगस्टात घाटाकडून ढग आले की अडीच-तीन, सलग झड लागली की त्याहून खाली. म्हणून जुलैची तुलना जूनशी न करता मागच्या जुलैशी करायची. पॅनलची क्षमता २५ अंशाला मोजलेली असते आणि त्याच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के कमी होते, एप्रिलच्या दुपारी पॅनल ६० अंशापुढे तापतं, म्हणजे १२ टक्के तिथेच गेले. त्यामुळे ३ किलोवॉटच्या सिस्टीमवर भर दुपारी अडीच किलोवॉट दिसलं तर घाबरायचं कारण नाही, उलट थंडीत स्वच्छ उन्हात दुपारचा आकडा चांगला दिसतो.

ॲपमधला जनरेशनचा ग्राफ वाचायला शिकलं की बिघाड घरबसल्या कळतो. गुरुवारी दुपारी जनरेशन शून्य? पुण्यात देखभालीसाठी लाईट बहुतेक गुरुवारीच जाते, आणि लाईट नसताना ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेला) इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. रोज ठरावीक वेळेला खड्डा पडत असेल तर टाकीची किंवा शेजारच्या नव्या बिल्डिंगची सावली, पेठांमध्ये हे जास्त. भर दुपारी ग्राफ करवतीसारखा दातेरी असेल आणि आकाश निरभ्र असेल तर व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर ट्रिप होतोय का बघा. हळूहळू रोज थोडं कमी होतंय म्हणजे धूळ, बाणेर किंवा वाघोलीला जिथे बांधकामं चालू आहेत तिथे उन्हाळ्यात आठवड्याला धुवावं लागतं, पहाटे पॅनल गार असताना, आणि टँकरचं जड पाणी असेल तर पुसून घ्यायचं कारण पांढरे डाग राहतात. वायफाय गेलं तर ॲपमध्ये भोक दिसतं पण इन्व्हर्टरच्या पोटात एकूण आकडा चालूच असतो.

बॅटरीचं थोडक्यात. किती युनिट आत गेले आणि किती बाहेर आले तेवढं टिपायचं. लिथियम १० घेऊन ९ च्या आसपास परत देते, जुनी ट्यूब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी) सात-आठ. नेट मीटरिंग असताना ग्रिडच फुकट बॅटरीसारखं वागतं, त्यामुळे निव्वळ बचतीसाठी बॅटरी परवडत नाही, लाईट गेल्यावर घर चालू ठेवण्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या.

हीट पंप आपल्याकडे मुख्यतः अंघोळीच्या पाण्यासाठी असतो. त्याला वेगळं छोटं मीटर लावा, नाहीतर तो घरच्या वापरात हरवतो. पाण्यात किती उष्णता गेली ते काढायचं सूत्र सोपं आहे, लिटर गुणिले वाढलेले अंश भागिले ८६०. १०० लिटर पाणी २५ वरून ५० ला नेलं तर २.९ युनिट उष्णता. गिझरला तेवढीच वीज लागते, टाकीतून वाया जाते ती वेगळी. हीट पंपाच्या मीटरवर १ युनिट पडला तर तो तिपटीने काम करतोय, दीड-दोन पडत असतील तर फिल्टर, गॅस, टाकीचं इन्सुलेशन तपासून घ्यायला हवं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास जातो आणि हवा थंड असली की पंपाला जास्त कष्ट पडतात, म्हणून टायमर पहाटे पाचचा काढून दुपारी एकचा लावा, पाणी दुपारच्या कोमट हवेत कमी विजेत तापतं आणि टाकी नीट झाकलेली असेल तर सकाळपर्यंत अंघोळीपुरतं गरम राहतं.