न दिसणारी अक्षरे गाळताना ‘ऱ्य’ का मोडतो : पार्श्वभूमी

‘अमुद्रणीय’, म्हणजे छापता न येणारी, चिन्हे ही कल्पना टेलिप्रिंटरच्या काळातली. ॲस्की या जुन्या अक्षर-संकेतातले ० ते ३१ हे अंक यंत्राला हुकूम देण्यासाठी होते आणि १२७ खोडण्यासाठी. कागदी फितीवर सातही भोके पाडली की तिथले अक्षर गेले. ३२ ते १२६ सोडून बाकी सगळे गाळणारा रेगेक्स (मजकूर शोधण्याचा नमुना) तेव्हा बरोबरच होता. आज तोच नमुना उचलला की पहिल्या फटक्यात सगळी देवनागरी साफ होते, कारण युनिकोडच्या क्रमांकांत ती २३०४ पासून सुरू होते आणि कन्नड ३२०० पासून.

म्हणून मग युनिकोडचा ‘सी’ वर्ग (C, नियंत्रण-चिन्हे आणि तत्सम) गाळला जातो. खरा घोळ इथला. टॅब आणि ओळबदल (९ आणि १०) त्यात जातात, हे लगेच लक्षात येते. पण ‘सीएफ’ (Cf, मांडणीची चिन्हे) हा उपवर्गही त्यातच आहे आणि त्यात शून्य रुंदीची दोन चिन्हे: ८२०४ झेडडब्ल्यूएनजे (ZWNJ, अक्षरे जुळू न देणारे), ८२०५ झेडडब्ल्यूजे (ZWJ, अर्धे अक्षर राखणारे). भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकात अर्धे अक्षर हवे तर हलन्तापुढे नुक्ता आणि पाय मोडलेला हवा तर हलन्त दोनदा, अशी सोय होती. युनिकोडने हे काम अदृश्य चिन्हांवर सोपवले. लिपीचा भाग आणि कचरा एकाच पेटीत पडला, आणि त्याची किंमत मराठीने मोजली.

‘ऱ्य’ लिहिण्याच्या दोन रीती त्यातूनच चालत आल्या. एक ऱ (२३५३) अधिक हलन्त, इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ साठी शिफ्ट-जे. दुसरी र (२३५२), हलन्त आणि झेडडब्ल्यूजे. ती युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून ठेवली. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. गाळणी फिरली की दुसऱ्या रीतीतल्या खानापूरच्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांची यादी ‘व्यापार्यांची’ होते. आचाऱ्याचा आचार्य झाला तर शुद्धलेखन तपासणीलाही कळत नाही.

सीमाभागातल्या दुभाषी मजकुरात आणखी एक गाठ आहे. कन्नडमध्ये ‘रॅली’, ‘रँक’ हे शब्द र ला य जोडून लिहितात, आणि त्यात झेडडब्ल्यूजे र नंतर पण हलन्ताच्या आधी येतो. तो गेला की र जागा सोडून अर्कावत्तू (कन्नड रफार) होऊन य च्या नंतर जातो. मराठीत तेच चिन्ह हलन्तानंतर. त्यामुळे ‘हलन्तानंतरचा तेवढा राखा’ हा मराठीपुरता नियम त्याच मजकुराची कन्नड बाजू बिघडवतो.

काम असे करावे. आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे हा क्रम ऱ-हलन्त ने बदलावा. मग ‘सी’ वर्ग गाळावा, पण ९, १० वगळून. आणि ८२०४-८२०५ च्या लगेच आधी देवनागरी हलन्त (२३८१), किंवा लगेच आधी वा नंतर कन्नड हलन्त (३२७७) असेल तर तेही राखावेत. फाइलच्या तोंडाशी बसणारे अदृश्य खूणचिन्ह बीओएम (BOM), ६५२७९, यातच निघतो. न तुटणारी जागा (जिथे ओळ मोडत नाही अशी), १६०, निघत नाही. ती ‘सी’त मोडतच नाही, वेगळी बदलावी लागते. पायथनच्या मूळ ‘रे’ (re) मॉड्यूलला हे वर्ग कळत नाहीत, ‘रेगेक्स’ (regex) हे वेगळे मॉड्यूल घ्यावे. जावास्क्रिप्टमध्ये ‘यू’ फ्लॅग विसरू नये.

युनिकोडपूर्व फाँटमधल्या जुन्या फायलींना मात्र आधी कन्व्हर्टर, मग गाळणी. त्या फाँटनी अक्षरांचे तुकडे १२८ ते २५५ मध्येही बसवले होते. लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षर-संकेत) म्हणून वाचले तर १२८ ते १५९ नियंत्रण-चिन्हे ठरतात, १७३ सॉफ्ट हायफन (तोही ‘सी’तच), आणि गाळणी काने-मात्रेच घेऊन जाते.