हापूसवरचा करपा आणि ओव्याचं तेल

पेटीतला आंबा काळा पडला की दोष पेंढ्याला, दमट हवेला किंवा व्यापाऱ्याला मिळतो. मग कुणीतरी उपाय सांगतं: पेटीत चार लवंगा टाका. लवंगेतलं युजेनॉल बुरशी मारतं हे खरंच आहे. पण आंबा काळा पाडणारा करपा हा बुरशीचा रोग मुळात पेटीत लागलेलाच नसतो.

करप्याची बुरशी, कोलेटोट्रिकम, मोहोरावर आणि कोवळ्या कैरीवरच उतरते. दव किंवा अवकाळी पाऊस मिळाला की तिचा बीजाणू रुजतो, एक काळसर फुगीर पेशी तयार करतो आणि त्या पेशीतल्या दाबाच्या जोरावर सालीच्या मेणचट थरात बारीक धागा घुसवतो. तिथेच तो थबकतो. कच्च्या सालीत रिसॉर्सिनॉल गटातली बुरशीरोधक द्रव्यं असतात. आढीत फळ पिकताना ती घटतात आणि दबा धरून बसलेली बुरशी पसरायला लागते.

आता ओवा. त्याच्या तेलातलं थायमॉल माझ्या विशेष आवडीचं. बुरशीची पेशी आपल्या पटलातून, म्हणजे भोवतीच्या पातळ पडद्यातून, हायड्रोजनचे आयन सतत बाहेर फेकते, त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करते. बाहेर साठलेले आयन आत परतू पाहतात आणि त्यांच्याच ओढीवर साखर, अमिनो आम्लं आत येतात. थायमॉलचा रेणू स्निग्ध. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, थेट पटलात जाऊन बसतो. पटल घट्ट ठेवणाऱ्या अर्गोस्टेरॉलची वीण सैल पडते, पोटॅशियम बाहेर झिरपतं, हायड्रोजन आयन फुकटात आत शिरतात. टाकीला भोक पडलेलं असताना पंप चालू ठेवावा, तशी पेशीची गत होते: एटीपी संपतं, उपासमार सुरू. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक बुरशीच्या ट्युब्युलिन या एकाच प्रथिनाला अडवतं. त्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदललं तरी बुरशी दाद देईनाशी होते. अख्खं पटल बदलणं तितकं सोपं नाही.

अडचण अशी की थायमॉल आपपर पाहत नाही. मात्रा वाढली की आंब्याच्या पेशींची पटलंही फाटतात, साल भाजल्यासारखी काळी होते. काचेच्या बशीत बुरशी मारणारी मात्रा फळावर अपुरी पडते, कारण तेल उडून जातं, सालीच्या मेणात अडकतं. आणि ओव्याच्या वासाचा हापूस कोण घेणार? म्हणून तेल कायटोसनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) पातळ लेपात मिसळून हळूहळू सोडण्याचे प्रयोग चालतात. सालीआडच्या करप्यावर मात्र 52 अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटं बुडवणं अधिक भरवशाचं, कारण उष्णता आतपर्यंत पोचते. ‘रसायनमुक्त’ अशी चिठ्ठी डकवून तेल विकणाऱ्यांना एवढंच सांगावं की थायमॉलचंही रासायनिक सूत्र आहे.

तेलाला खरा वाव मला नागपुरी संत्र्यात दिसतो. तिथली हिरवी बुरशी, पेनिसिलियम डिजिटॅटम, तोडणी-हाताळणीत सालीला झालेल्या जखमांतून शिरते, म्हणजे वेळेवर गाठता येते. पण तेल निवडून घ्यायला हवं. संत्र्याच्या सालीतही सुगंधी तेल असतंच, बहुतांशी लिमोनीन. साल खरचटली की ते बाहेर येतं आणि त्याने ही बुरशी मरत नाही. उलट तिचे बीजाणू जोमाने रुजतात.