नगर रचना विभागाची भरती: अर्ज नेमका कुठे अडतो

नगर रचना विभागात शिरायच्या मुख्य वाटा दोन. रचना सहायक पदाला स्थापत्य, वास्तुशास्त्र, बांधकाम तंत्रज्ञान अशा शाखांची तीन वर्षांची पदविका लागते. सहायक नगर रचनाकार पदवीधरांसाठी असतो आणि ती भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोग करतो. कमाल वय साधारणपणे खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. नोंदणी, फोटो, सही, फी हे तासाभराचं काम.

पोरं अडकतात ती दाखल्यांत. त्यातही नॉन-क्रीमीलेयरच्या दाखल्यात, म्हणजे ओबीसीसारख्या गटातलं आपलं घर सधन थरात मोडत नाही असं सांगणाऱ्या कागदात.

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाने तो काढलाच नव्हता. का? तर घरचं उत्पन्न आठ लाखांच्या वर जातं म्हणून! अरे बाबा, ओबीसीच्या या दाखल्याला शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. उरलेलं उत्पन्न बघतात, तेही मागच्या तीन वर्षांचं. जमीनधारणेची अट वेगळी असते, ती तपासून घ्यायची. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांच्या दाखल्याचं, याच्या बरोबर उलट. तिथे मर्यादा आठ लाखांचीच, पण शेती, पगार, धंदा सगळं मोजतात आणि दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो. शेजाऱ्याने सांगितलेला नियम कोणत्या दाखल्याचा, ते आधी विचारा.

दुसरा घोळ तारखेचा. दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेला वैध हवा. कागदपत्रं तपासतात त्या दिवशी नव्हे. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात सिन्नरची एक मुलगी भेटली. हातात कोरा करकरीत दाखला, पण तारीख शेवटच्या दिवसानंतर दोन दिवसांची. अर्ज तिने वीस दिवस आधी दिला होता. मधले दिवस 'सर्व्हर डाऊन' आणि 'साहेब मीटिंगला' यांतच गेले. कार्यालयाच्या या दिरंगाईची शिक्षा अर्जदाराने का भोगायची, याचं उत्तर आजवर एकाही खिडकीवर मिळालेलं नाही. त्यामुळे जाहिरातीची वाट बघू नका. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं की तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्या, सेतू केंद्रात दाखल्याचा अर्ज टाका आणि त्याची पावती जपून ठेवा. आणखी एक, केंद्राच्या नमुन्यातला दाखला राज्याच्या भरतीत पुढे करू नका. बँकेच्या परीक्षेसाठी काढलेला असतो, तोच बरेच जण चिकटवतात.

शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनीही हेच गणित मांडायचं. अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत निकाल लागलेला नसेल तर 'अपिअर्ड' म्हणून भागत नाही. पदवीवरच्या शाखेचं नाव जाहिरातीतल्या नावाशी शब्दशः ताडून बघा. वेगळं असेल तर समकक्षतेचा कागद आधीच मिळवा, आयत्या वेळी विद्यापीठ तो देत नाही.

लग्न झालेल्या मुलींची जातीची कागदपत्रं माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं असतं. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र ठेवा. लग्नपत्रिका चालत नाही. एकीने ती लॅमिनेट करून आणली होती.