गणित कच्चे म्हणून हिशेबशास्त्र सोडू नका

‘गणितात हुशार असेल त्यानेच सीए व्हावे’ हा घरोघरी रुजलेला समज चुकीचा आहे. सीएच्या पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे फाउंडेशन परीक्षेत गणित व सांख्यिकीची प्रश्नपत्रिका असते हे खरे. परंतु रोजच्या कामातली आकडेमोड बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारीपलीकडे क्वचितच जाते. खरा कस निर्णयात लागतो. मार्चमध्ये वापरलेल्या विजेचे बिल एप्रिलमध्ये भरले, तरी कंपनीला तो खर्च ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षातच दाखवावा लागतो, आणि यंत्र किती वर्षे चालेल याचा अंदाज बांधल्याशिवाय त्याचा घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी घटणारी किंमत, काढता येत नाही. कर्ज देणारी बँक अशाच निर्णयांवर विसंबते, आणि मला तरी या व्यवसायाचे मोल तिथेच दिसते. कला शाखेच्या पदवीधरालाही, किमान ६० टक्के गुण असल्यास, फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएट या पुढच्या टप्प्यासाठी नोंदणी करता येते.